जुना कॅमेरा घ्यावा काय?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलानें कॅमेऱ्याचा हट्ट धरिला. त्याचे वडील रोज अंबाडीहून भिवंडीस यंत्रमागावर कामास जाणारे. नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून ते कर्ज काढण्याच्या विचारांत पडले व सल्ला विचारण्यास मजकडे आले. "मास्तर, पोर गुणी आहे, नाहीं कसं म्हणूं?" असें ते म्हणाले. त्यांस मीं दिलेलें उत्तर सर्वच पालकांच्या उपयोगीं पडेल असें वाटतें. नाहीं म्हणूं नये, परंतु कर्जहि काढूं नये. पारखून घेतलेला जुना डिजिटल कॅमेरा मुलाच्या हातीं द्यावा.

जुनें तें टाकाऊ, ही समजूत जाहिरातींनीं रूढ केली आहे. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या इंजिनियरानें पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, तेव्हां त्याचें चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचें होतें, व तें कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. उलट २००४ सालच्या निकॉन डी-७० चें चित्र ३००८ बिंदू रुंद व २००० बिंदू उंच, म्हणजे साठ लाख बिंदूंचें असतें. उत्तम छपाईस इंचास ३०० बिंदू पुरतात. म्हणजे दहा इंच रुंदीचें चित्र त्यांतून स्वच्छ निघतें. विद्यार्थ्यास याहून अधिक काय हवें?

मोबाईल असतांना दुसरा कॅमेरा कशाला, असें कोणी विचारील. आक्षेप खरा आहे. अंधुक प्रकाशांत आजचा मोबाईल जुन्या कॅमेऱ्यास सहज मागें टाकतो. परंतु मोबाईल मुलाचें लक्ष दहा दिशांस ओढतो. कॅमेरा एकच काम करतो व पाहणाऱ्यासहि एकाच कामास लावतो. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यानें टिपली, ती दिवसामागून दिवस चिकाटीनें काम करून. ही चिकाटी दुकानांत मिळत नाहीं.

मात्र जुना माल घेतांना डोळे उघडे ठेवावेत. मी स्वतः एकदां फसलों. घेतलेल्या भिंगांत बुरशी होती. विकणाऱ्यानें सांगितलें नाहीं आणि मीं पाहिलें नाहीं. म्हणून भिंग काढून उजेडापुढें धरावें. आंत कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर तें नाकारावें. छिद्र लहान करून निरभ्र आकाशाचा फोटो काढावा. डाग दिसले तर आंत धूळ आहे असें समजावें. नंतर झांकण लावून दीर्घ फोटो काढावा. रंगीत ठिपके पुष्कळ उमटले तर विचार करावा. शटर किती वेळां चालला आहे तेंहि विचारावें. २००८ सालच्या निकॉन डी-९० चा शटर एक लक्ष वेळां चालवून तपासलेला असे. बॅटरी, चार्जर व कार्ड आज मिळतात कीं नाहीं, याची खात्री पैसे देण्यापूर्वींच करावी. पावती घ्यावी व तीवर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहवून घ्यावा, म्हणजे चोरीचा माल घरीं येणार नाहीं. आपल्याकडील दमट पावसाळ्यांत कॅमेरा चामड्याच्या पिशवींत न ठेवतां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलसह ठेवावा.

आणखी एक गोष्ट. जुन्या कार्डांत कधीं कधीं परक्या कुटुंबाचे फोटो राहून गेलेले असतात. ते पाहत बसूं नयेत; मालकाचा पत्ता लागला तर परत द्यावेत, न लागला तर पुसून टाकावेत.

त्या मुलाच्या वडिलांनीं मुंबईंत फोर्ट भागांतील एका दुकानांतून असाच एक कॅमेरा पारखून आणिला. कर्ज काढावें लागलें नाहीं. मुलानें पहिला फोटो भाताची लावणी करणाऱ्या आपल्या आजीचा काढिला. आजीचा तोंवर एकहि चांगला फोटो घरांत नव्हता. पुढें कधीं तो कॅमेरा विकण्याची वेळ आली, तर त्याचे दोष घेणाऱ्यास आधीं सांगावेत, एवढें वचन मात्र मीं त्या मुलाकडून घेऊन ठेविलें आहे.