पालखीचे भोई कोण?



मागच्या महिन्यात एका शुक्रवारी वादी कबीरमधल्या आमच्या घरी सात-आठ मराठी कुटुंबे जमली होती. चर्चेला पुस्तक होते वि. स. खांडेकरांचे 'ययाति'. 1959 साली आलेली आणि 1974 साली मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारी ही कादंबरी आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात असताना वाचलेली. चर्चा चांगली रंगली. ययातीची वासना, देवयानीचा अहंकार, कचाचा संयम. शेवटी सर्वांचे एकमत झाले की पैसा आणि सुख यांच्यामागे किती धावायचे याला मर्यादा हवी. मग बटाटेवडे आले आणि विषय पुण्यातल्या फ्लॅटच्या भावावर गेला.

वडे घेऊन आली ती आमच्याकडे राहून काम करणारी बाई. दोन तासांच्या चर्चेत शर्मिष्ठेच्या दासीपणाबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते. मीही नाही.

'ययाति' ही संयमाची कथा आहे, हे आपले आवडते वाचन मला आता फार सोयीचे वाटते. या कथेतली सगळी वैभवे कोणाच्या तरी खांद्यावर उभी आहेत. ययातीचा बाप नहुष इंद्रपदावर चढला आणि ऋषींना पालखीला जुंपून निघाला. देवयानी हस्तिनापूरची राणी झाली ती एका राजकन्येला दासी करून, सोबत घेऊन. ययातीला पुन्हा तारुण्य मिळाले ते पोटच्या पोराचे. पालखी, दासी आणि उसने तारुण्य ही तिन्ही प्रतीके एकच प्रश्न विचारतात: तुमच्या महत्त्वाकांक्षेची किंमत कोण मोजतो? 'मन आवरा' हे त्याचे उत्तर होऊच शकत नाही. नहुष पालखीत अगदी शांत बसला असता, कोणाला लाथ मारली नसती, तरी ओझे खालच्यांच्याच खांद्यावर होते!

इथे माझे खांडेकरांशीही भांडण आहे. शर्मिष्ठेला त्यांनी स्वतःचा आवाज दिला, ही मोठी गोष्ट. पण तिचे दासीपण त्यांनी त्यागाच्या तेजाने इतके उजळून टाकले की वाचक तिला नमस्कार करतो आणि अन्याय विसरतो. त्याग थोर ठरला की तो करायला लावणारा सुटतो. आणि संयम हा ज्याच्यापुढे ताट वाढलेले आहे त्याचा सद्गुण. ताटच नसलेल्याला तो शिकवण्यात काय अर्थ?

कोणी म्हणेल, "अहो, या बायका स्वखुशीने येतात, गावाकडच्यापेक्षा चांगले पैसे मिळतात." शर्मिष्ठाही स्वतःच 'हो' म्हणाली होती. शुक्राचार्य रुसून गेले असते तर बापाचे राज्य आणि सारे कूळ बुडणार होते. घरावरचे कर्ज आणि मुलांच्या फिया डोक्यावर असताना दिलेला होकार त्याच जातीचा असतो. तो खोटा नसतो, पण आपली जबाबदारीही त्याने संपत नाही.

"आम्हीही कष्टाने वर आलो," हा दुसरा मुद्दा. खरा आहे. पण आठवा, करार संपल्यावर दुसरीकडे जायला जुन्या मालकाची एनओसी लागत असे तेव्हा आपण काय काय बोलत होतो! जानेवारी 2021 मध्ये ती अट गेली आणि आपण सुटकेचा श्वास सोडला. मालकाच्या मर्जीवर आयुष्य टांगलेले असणे म्हणजे काय, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. तरीही त्या शुक्रवारी आमच्या बाईचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता, 'सुरक्षित राहावा' म्हणून. तो तिने कधी मागितला नव्हता. मागण्याची तिची हिंमत होणार नाही अशीच व्यवस्था मी करून ठेवली होती, हे उशिरा कळले.

वादी कबीरच्या गॅरेजांच्या गल्लीतून आपण रोज एसी गाडीतून जातो. जून ते ऑगस्ट दुपारी 12.30 ते 3.30 उघड्यावरचे काम बंद ठेवायचा इथे नियम आहे, कारण ऊन माणूस मारू शकते. बाकीच्या तासांत वाकलेल्या पाठींचे तारुण्य कोणाच्या खात्यात जमा होते? महाभारतातल्या पुरूला निदान सिंहासन तरी मिळाले. यांना मिळते परतीचे तिकीट, तेही वेळेवर मिळाले तर.

भाषणे पुरे. पासपोर्ट मी परत दिला आहे. शुक्रवारची पूर्ण सुटी ठरली आहे, आणि पगार ठरल्या तारखेला तिच्या खात्यात जातो. यात थोरपणा काही नाही, हे पहिल्या दिवसापासून देणे होते. आपापली कपाटे एकदा उघडून बघा. राग आला असेल तर जरूर लिहा, पण आधी कपाट उघडा.

पुढची बैठकही आमच्याकडेच आहे. शुक्रवार आहे, तेव्हा वडे आपणच तळायचे!