दहा वर्षांच्या मुलाला सेवेची जागा कुठे?

चातुर्मास संपला की जबलपूरच्या ग्वारीघाटावर पाठीला झोळी आणि हातात काठी घेतलेले परिक्रमावासी दिसू लागतात. १३१२ किलोमीटर लांबीच्या नर्मदेच्या एका काठाने जायचं, दुसऱ्या काठाने परतायचं आणि वाटेत नदी ओलांडायची नाही, असं हे व्रत. ते पार पडतं काठावरच्या माणसांमुळे. कुणी जेवू घालतं, कुणी ओसरी झाडून देतं, कुणी सदावर्त म्हणून पीठ, डाळ, मीठ बांधून देतं.

या घरांत मुलंही राबतात. पाणी देणं, पानं मांडणं, पुढच्या गावाची वाट दाखवणं ही कामं त्यांच्याकडे आपसूक येतात.

शहरातल्या मुलांना मात्र ही संधी शोधावी लागते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली ती महाविद्यालयीन तरुणांसाठी. केंद्र सरकारचा २०२३ चा ‘माय भारत’ उपक्रमही १५ ते २९ वयोगटासाठी आहे. त्याहून लहानांसाठी स्काऊट-गाईडमधली कब-बुलबुल पथकं आहेत आणि ती चांगलीही आहेत, पण तिथे आईवडील फाटकाबाहेरच राहतात. आई, बाबा, आजी आणि दहा वर्षांचं मूल यांनी मिळून करावं असं काम कुणी ठरवून देत नाही. खरी उणीव ही आहे.

जबलपूरला ती भरून काढणं अवघड नाही. चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड याच शहरातले. कलाशिक्षकाची नोकरी सांभाळून १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदाकाठाने चालायला सुरुवात केली, सुट्ट्यांमध्ये, टप्प्याटप्प्याने. बरोबर विद्यार्थी असत, पुढे पत्नीही चालल्या. मोठ्या कामासाठी संसार सोडावा लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

परिक्रमेला महाराष्ट्रातून पुष्कळ लोक येतात. हिंदी आणि मराठी दोन्ही बोलणारी जबलपूरच्या मराठी घरांतली मुलं त्यांच्या फार उपयोगी पडतील. दवाखाना कुठे, मुक्काम कुठे, घरी फोन कसा लावायचा, एवढं सांगितलं तरी थकलेल्या माणसाला आधार वाटतो. नर्मदा जयंतीनंतर घाटावर उरणारं निर्माल्य आणि प्लास्टिक वेगळं करणं, दीपदानासाठी पानांचे द्रोण आणि कणकेचे दिवे करणं, हीही मुलांच्या हाताला जमणारी कामं. अर्थात पाण्यात उतरायचं काम मुलांना देऊ नये. पायरीवरही मोठं माणूस शेजारी हवंच.

फोटो काढून प्रमाणपत्र घेण्यापुरती सेवा नको. महिन्यातून एकच सकाळ, पण वर्षभर, तीच जागा आणि तीच माणसं, असं झालं तर मुलाला काम कळतं आणि माणसंही.

महापालिका, घाटावरचे आश्रम आणि शहरातली मराठी मंडळं यांनी महिन्याचा एक रविवार कुटुंबांसाठी राखून ठेवावा, त्या दिवशीची कामं आधी जाहीर करावीत. पालकांनी त्याची वाट पाहत बसू नये. चातुर्मास संपतो त्या देवउठनी एकादशीच्या आधीच जवळच्या आश्रमात जाऊन विचारावं: आमच्या मुलांना कोणतं काम देता?