कार्ड ट्रॉलीत, आई फडावर

दिवाळी सरली की पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर कुलुपे दिसू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून निघतात आणि त्यांतील कित्येक टोळ्या संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या पाटपाण्याच्या तालुक्यांत उतरतात. या व्यवसायात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ गणला जातो. त्यामुळे बाईला दिवस गेले असले तरी कोयता मोडता येत नाही. एक दिवस दवाखान्यात गेला, तर तो ‘खाडा’ ठरतो आणि त्याची रक्कम हिशेबातून वळती होते.

व्यापारी घरातील लेक सातव्या महिन्यात माहेरी येते, तेव्हा तिच्यासोबत तपासण्यांची फाईलही येते. माहेरचा डॉक्टर प्रथम ती फाईल उघडतो. फडावरच्या गर्भवतीला माहेर नाही आणि बहुधा फाईलही नाही. तिच्या रक्ताची तपासणी गावी झाली असली, तरी अहवाल गावीच राहतो.

हा कागद एवढा मोलाचा का, हे विषाणूंच्या स्वभावावरून कळते. हेपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ, प्रौढपणी जडली तर बहुतेकांचे शरीर तिला परतवून लावते. जन्मतःच आईकडून ती आलेल्या बालकांपैकी सुमारे ९० टक्के बालकांच्या यकृतात मात्र ती कायमचे ठाण मांडते. आईला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. उपाय साधा आहे, पण त्याला घड्याळाचे बंधन आहे. लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावी लागते. आई बाधित असल्यास प्रतिपिंडांचे इंजेक्शनही सोबत द्यावे लागते. एचआयव्हीच्या बाबतीत उपचार न मिळाल्यास १५ ते ४५ टक्के बालकांना लागण होऊ शकते. वेळेवर औषधे सुरू झाल्यास हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. या तपासण्या व औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य आहेत. बोटातील थेंबभर रक्तावर होणाऱ्या तपासणीचा निकाल साधारण अर्ध्या तासात हाती येतो. म्हणजे तपासणी कोप्यांपाशी संध्याकाळी झाली, तर खाडाही पडत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. निकाल त्या स्त्रीचा असतो, मुकादमाचा नव्हे. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने संमतीविना तपासणी आणि परवानगीविना वाच्यता या दोहोंना मनाई केली आहे. सोबत जेवल्याने किंवा एकाच हंड्यातील पाणी प्याल्याने यांपैकी कोणताही विषाणू पसरत नाही, हेही टोळीला आधी सांगितलेले बरे. नाहीतर तपासणीनंतर तिची चूल वेगळी मांडली जाते.

समाजाच्या वतीने होणारी आरोग्य शिबिरे बहुधा तिथी पाहून, शहरातील सभागृहात आणि सकाळी भरतात. दात्याला ती वेळ सोयीची असते. ऊस तोडणारीला नसते. गाळपाच्या हंगामात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला सोबत घेऊन, सूर्यास्ताच्या सुमारास कोप्यांवर भरवलेल्या शिबिरात छायाचित्रे काढता येणार नाहीत, फलकही लागणार नाही. पण ज्यांच्यासाठी ते भरवायचे, त्या तिथे असतील. ज्यांची किराणा वा कापडाची दुकाने कारखान्याच्या गावी आहेत, त्यांच्याकडे या टोळ्या बाजारच्या दिवशी येतातच. पोटुशी बाई गल्ल्यापाशी आली असता ‘ताई, माता-बाल संरक्षण कार्ड जवळ आहे ना?’ एवढे विचारणे दुकानातल्या बाईमाणसाला सहज जमेल. कार्ड नसेल, तर जवळचे उपकेंद्र कोठे आहे हे सांगता येईल.

हंगामात जन्मलेल्या बाळाच्या पुढच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात येतात. तोवर पट्टा पडतो, टोळी परत निघते आणि लस दुसऱ्याच गावच्या परिचारिकेने द्यायची असते. बांधाबांधीच्या त्या गडबडीत कार्ड कोणत्या गाठोड्यात आहे, हे आईला ठाऊक असावे लागते.