कपाळावरच्या आठ्या आणि मेंदूतला पूल

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मग मेंदूविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे तुमच्या जीवशास्त्राच्या बाई विचारतील. तो मला २०१९ सालच्या जानेवारीतील एका सकाळी मिळाला. चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळू लागले. आरशात पाहिले, तर चेहऱ्याची उजवी बाजू हलत होती आणि डावी ढिम्म. डावा डोळा मिटेना. शेजारचे काका म्हणाले, "तोंडावरून वारे गेले. गरम फडक्याने शेका, चार दिवसांत उतरेल." पत्नीने ऐकले नाही. तासाभरात आम्ही डॉक्टरांसमोर होतो.

डॉक्टरांनी कोणतेही यंत्र काढले नाही. "कपाळाला आठ्या घाला," ते म्हणाले. उजवीकडे आठ्या पडल्या. डावीकडे कपाळ इस्त्री केल्यासारखे सपाट. मग डोळे गच्च मिटायला, दात दाखवायला, त्यांच्या बोटामागे नजर दोन्हीकडे फिरवायला, हात उचलून धरायला सांगितले. डाव्या कानाला कुकरची शिट्टी नकोशी होते का, हेही विचारले. होत होती! पाच मिनिटांनी ते म्हणाले, "बिघाड मेंदूत नाही, कानाजवळच्या हाडात आहे."

मी थक्क झालो आणि थोडा शरमलोही. व्हीटस्टनचा सेतू मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. जमिनीखालच्या तारेत बिघाड कोठे आहे, हे रस्ता न खणता केवळ टोकाशी मापन करून सांगता येते, हा त्याचा उपयोग वर्गात मोठ्या ऐटीत सांगतो. डॉक्टरांनी तेच केले होते, कवटी न उघडता. आणि त्यांच्या हिशोबातही एक सेतू होता.

त्याचे नाव पॉन्स. लॅटिन भाषेत पॉन्स म्हणजे पूल. मेंदूच्या देठासारख्या भागात, वर मध्यमस्तिष्क आणि खाली लंबमज्जा यांच्यामध्ये, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा हा फुगवटा असतो. इटलीतील बोलोन्याचा शरीररचनाशास्त्रज्ञ कोस्तान्झो व्हारोलिओ याचे वर्णन १५७३ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी मेंदू वरून काप घेत तपासण्याची रीत होती. व्हारोलिओने तो कवटीबाहेर काढून उलटा केला आणि तळाकडून पाहिला. आडव्या तंतूंचा तो उंचवटा त्याला कालव्यावरच्या पुलासारखा भासला. (नाव थोडे फसवे आहे. हे तंतू लहान मेंदूच्या दोन बाजू एकमेकींना जोडत नाहीत; ते पॉन्समधल्या ठाण्यांवर सुरू होऊन विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूत जातात.)

कर्पर चेतांच्या बारा जोड्यांपैकी चार येथे भेटतात. पाचवी चेहऱ्याचा स्पर्श आणि चावण्याचे स्नायू सांभाळते, सहावी डोळा बाहेरच्या बाजूला वळवते, आठवी ऐकणे आणि तोल यांची बातमी आणते. माझी बिघडली होती ती सातवी, चेहरा हलवणारी.

आता आठ्यांचे कोडे. सातव्या चेतेचे केंद्र पॉन्समध्ये आहे. त्यातील कपाळ हलवणाऱ्या पेशींना मोठ्या मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा येतात. ओठ हलवणाऱ्या पेशींना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धगोलाकडून. म्हणजे वरच्या मजल्याला दोन तारांमधून वीज, तळमजल्याला एकाच तारेतून. मोठ्या मेंदूत एका बाजूला रक्तपुरवठा तुटला, तर ओठ ओघळतो पण कपाळ शाबूत राहते. केंद्रात किंवा त्यापुढे चेतेत बिघाड झाला, तर अर्धा चेहरा कपाळासकट जातो.

माझे कपाळ गेले होते. मग बिघाड पॉन्समध्येच कशावरून नाही? येथे रचना मोठी गमतीची आहे. सातव्या चेतेचे तंतू पॉन्समधून सरळ बाहेर पडत नाहीत. आधी सहावीच्या केंद्राला वळसा घालतात. शिवाय हातापायांकडे जाणाऱ्या तारा पॉन्समधून उतरतात आणि खाली लंबमज्जेत बाजू बदलतात. म्हणून पॉन्समध्ये डावीकडे घाव पडला, तर चेहरा डावा जातो, बहुधा डावा डोळाही बाहेर वळत नाही, आणि हातपाय मात्र उजवे लुळे पडतात. पॅरिसच्या गुब्लेर यांनी १८५६ साली अशा उलटसुलट अर्धांगाचे वर्णन केले. माझे डोळे आणि हातपाय ठीक होते. राहिली कुकरची शिट्टी. कानातल्या इवल्याशा रिकीब हाडाला आवर घालणाऱ्या स्नायूची फांदी सातव्या चेतेला हाडातल्या अरुंद बोगद्यातच फुटते. तो स्नायू सुटला होता, म्हणजे बिघाड त्या फांदीच्या अलीकडे, मेंदूच्या बाजूला. बोगद्यात चेता सुजली की तिला फुगायला जागा नसते आणि ती चेपते. या दुखण्याला सर चार्ल्स बेल यांचे नाव आहे. चेहऱ्याच्या हालचालीची आणि स्पर्शाची चेता वेगवेगळी आहे, हे त्यांनी १८२१ साली मांडले.

माझे म्हणणे असे, की आपल्या परीक्षांत 'आकृतीला नावे द्या' एवढ्यावर मेंदू संपतो, ते चूक आहे. बारा चेतांची नावे घोकणारा मुलगा आजीचा ओठ ओघळलेला पाहून काकांचेच ऐकणार असेल, तर त्या नावांचा उपयोग काय? शिक्षक म्हणतील, हा वैद्यकीय महाविद्यालयाचा विषय. विद्युतमंडलातला दोष शोधणे आपण दहावीत शिकवू शकतो. हे त्याहून अवघड नाही. घरी निदान करत बसा, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. कपाळ गेले म्हणून धोका नाही, असे समजू नका. पॉन्समधला घाव जिवावर बेततो. तोंड अचानक वाकडे झाले की रुग्णालय, तेही तत्काळ. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. माझ्या आजारातही स्टेरॉइडच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू केलेल्या बऱ्या. मला त्या पहिल्याच दिवशी मिळाल्या. दोन महिन्यांत शिट्टी वाजवता येऊ लागली.

मी प्रश्नपत्रिका काढली असती, तर हा प्रश्न घातला असता. एका गृहस्थांच्या ओठाचा डावा कोपरा ओघळला आहे, डावा हात उचलत नाही, पण आठ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना पडतात. बिघाड सातव्या चेतेच्या केंद्राच्या वर की खाली? उजवीकडे की डावीकडे? तारांची आकृती काढून कारण लिहा. गुण पाच. उपप्रश्न: घड्याळात सकाळचे नऊ वाजले आहेत आणि त्रास आठ वाजता सुरू झाला. तुमच्या गावाहून रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागेल, ते आजच विचारून लिहा.