अंदाज कोणता, अटकळ कोणती?



काही वर्षांपूर्वी शेजारच्या मावशींचे ऑपरेशन ठरले. त्यांचा मुलगा दवाखान्यातला कागद घेऊन माझ्याकडे आला. वर छापले होते 'एस्टिमेट', खाली रक्कम ४०,००० रुपये. "काका, एवढेच लागतील ना?" मी बी.कॉम. झालेला कारकून. कागद पाहून "हो" म्हणालो. त्याने तेवढीच जुळवाजुळव केली. बिल आले ५२,००० रुपयांचे! मावशींच्या कानातले गहाण ठेवावे लागले. चूक माझी होती. एस्टिमेट म्हणजे ठरलेली रक्कम नव्हे, हे मला ठाऊक होते. पण सांगायचे सुचले नाही.

म्हणून आज अंदाजाचे इंग्रजी शब्द पाहू.

गेस : अटकळ. हाती पुरेशी माहिती नसताना बांधलेली. उत्तर येत नसताना एका पर्यायावर खूण करणे, हा गेस.

एस्टिमेट : दर, मोजमाप व अनुभव पाहून काढलेला हिशेबी अंदाज. राज्यघटनेच्या कलम ११२ मध्ये 'बजेट' हा शब्दच नाही; वर्षाच्या अंदाजित जमा-खर्चाचे विवरणपत्र संसदेपुढे ठेवावे, असे तिथे आहे. म्हणूनच सरकारही आधी अंदाज, मग सुधारित अंदाज आणि शेवटी प्रत्यक्ष आकडे छापते. सरकारचा आकडा बदलतो, तर दवाखान्याचा का बदलणार नाही?

कोटेशन : ठराविक कामासाठी, ठराविक अटींवर व मुदतीपर्यंत देऊ केलेला दर.

अझ्यूम : पुराव्यावाचून गृहीत धरणे. मी त्या दिवशी केले ते हेच.

रूल ऑफ थम्ब : अनुभवाचा ठोकताळा. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तसा.

आता फसवे वाक्प्रचार. 'एज्युकेटेड गेस' म्हणजे शिकलेल्या माणसाची अटकळ नव्हे. माहितीच्या आधारे केलेला तर्क. भाजीवाल्या ताईही तो रोज करतात. 'इट्स एनीबडीज गेस' म्हणजे कोणीही सांगेल असे नव्हे. उलट, कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. 'शॉट इन द डार्क' म्हणजे अंधारात मारलेला दगड. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. बॉलपार्क हे अमेरिकेतले बेसबॉलचे मैदान. अमेरिकन माणूस 'आय गेस' म्हणतो तेव्हा बहुधा त्याला 'मला वाटते' एवढेच म्हणायचे असते. नोकरीच्या मुलाखतीत मात्र माहीत असलेल्या उत्तराआधी 'आय गेस' लावू नका; खात्री नाही असे वाटते.

मुलांनो, यातील प्रत्येक शब्दाचे एक वाक्य वहीत लिहा आणि घरी मोठ्याने वाचून दाखवा.

आणि मोठ्यांनो, एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : यात काय धरले आहे? काय धरलेले नाही? रक्कम किती वाढू शकते? उत्तरे कागदावर लिहून मागा. विचारण्यात कमीपणा नाही. त्या दिवशी मी हे तीन प्रश्न विचारायला लावले असते, तर मावशी कानातले घालून घरी आल्या असत्या.