विली लोमन कोणी व्हावे?

गाजलेल्या शोकांतिकेचा चित्रपट व्हायचा असेल, तर तिच्यातील भूमिकांना आदर्श नट कोणते, ही चर्चा रसिकांच्या आवडीची असते. ती बहुधा चेहरेपट्टी, आवाज आणि अभिनयाचे सामर्थ्य यांच्यापाशीच थांबते. वस्तुतः नटाची निवड म्हणजे नाटकाच्या अर्थाचा निवाडाच होय. आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा इतिहास याची साक्ष देतो.

हे नाटक फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. विली लोमन हा साठी ओलांडलेला फिरता विक्रेता. ज्या कंपनीसाठी त्याने उभी हयात वेचली, तिचा तरुण मालक त्याला उभ्या उभ्या कामावरून दूर करतो. अखेर विम्याचे पैसे घरच्यांच्या हाती पडावेत म्हणून विली मरण पत्करतो. शोकांतिकेचा मान राजेरजवाड्यांइतकाच सामान्य माणसालाही आहे, हे मिलर यांचे प्रतिपादन होते.

त्यांच्या कल्पनेतील विली लहान चणीचा होता. दिग्दर्शक एलिया कझान यांच्या प्रयोगात मात्र ही भूमिका ली जे. कॉब या धिप्पाड, अवघ्या सदतीस वर्षांच्या नटाने केली आणि ती गाजली. एवढा भक्कम माणूस कोसळताना पाहिला म्हणजे त्याला कोसळवणाऱ्या शक्तीचा अंदाज येतो.

१९५१ मध्ये कोलंबियाने चित्रपट काढला. पत्नीच्या भूमिकेत रंगभूमीवरील मिल्ड्रेड डनॉक कायम राहिल्या. विली मात्र बदलला. दोनदा ऑस्कर मिळवलेले फ्रेडरिक मार्च आले आणि या भूमिकेसाठीही त्यांना नामांकन मिळाले. तथापि चित्रपटाने विलीला जवळजवळ वेडा ठरवले, अशी मिलर यांची तक्रार होती. तिच्यात मोठे तथ्य आहे. माणूस मुळातच वेडा असेल, तर त्याच्या मरणाचा जाब कोणाला विचारायचा? मालक सुटतो, बाजार सुटतो, यशाची खोटी स्वप्ने विकणारी व्यवस्थाही सुटते. त्या काळी अमेरिकेत डाव्या विचारांच्या कलावंतांमागे चौकशांचा ससेमिरा लागला होता. विक्रेत्याचा पेशा किती उत्तम, हे सांगणारा एक लघुपटही कोलंबियाने तयार केला. मिलर यांनी त्याला कडाडून विरोध केला.

पुढे १९८५ च्या दूरचित्रवाणीपटात डस्टिन हॉफमन यांच्या रूपाने मिलर यांच्या मूळ कल्पनेतील लहानखुरा विली अवतरला. २०२२ मध्ये ब्रॉडवेवर वेंडेल पियर्स या कृष्णवर्णीय नटाने विली साकारला, तेव्हा मालकासमोरच्या त्याच्या लाचारीला वर्णभेदाचा नवा संदर्भ लाभला.

मात्र व्यवस्थेवर बोट ठेवण्याच्या भरात विलीला निष्पाप बळी ठरवणे हीही तितकीच मोठी चूक ठरेल. तो पत्नीशी प्रतारणा करतो, मुलांच्या लबाडीवर पांघरूण घालतो आणि शेजारी चार्ली नोकरी देऊ करतो तीही अभिमानापोटी नाकारतो. ज्या बाजाराने त्याला चिरडले, त्याच बाजाराचा तो भक्त आहे. शोषिताच्या मनात शोषकाची मूल्ये कशी घर करतात, हे ज्या नटाच्या चेहऱ्यावर दिसेल आणि तरीही ज्याच्यासाठी प्रेक्षकाचा जीव तुटेल, तोच या भूमिकेला योग्य नट. त्याची उंची किती आणि त्याच्या नावावर किती तिकिटे खपतात, हे प्रश्न त्यानंतरचे.