गृहिणीच्या कामाचा हिशेब
मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मृत्यूची भरपाई ठरते ती मिळकतीवर: वार्षिक उत्पन्न, त्यातून मृताचा स्वतःचा खर्च वजा, आणि वयानुसार गुणक, वय 35 असेल तर 16. मग पगार नसलेल्या गृहिणीचे काय? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तिचेही उत्पन्न गृहीत धरून त्यात भविष्यातली वाढ मिळवायला मान्यता दिली, हे योग्यच झाले. मायेची किंमत कशी करणार, असा आक्षेप घेतला जातो. पण सहवास गमावल्याची रक्कम वेगळी मिळतेच. इथे मोजायचे आहेत ते पहाटेचे डबे, धुणीभांडी, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा, मुलांचा अभ्यास. तिच्या पश्चात हीच कामे पैसे मोजून करून घ्यावी लागतात. म्हणूनच तिचे उत्पन्न अकुशल मजुराच्या किमान वेतनावर आणून ठेवणे मला सरळ अन्याय वाटतो. निदान कुशल कामगाराचे वेतन तरी आधाराला धरावे.